झटका खाल्लेला पट्टा

श्यामसुंदर जगदाळे साखळी आणि पट्टा सोडून जगात फारशा कशावर विश्वास ठेवत नसे. कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका यार्डात तो सुपरवायझर होता. पोलादी पत्र्याची वीस-वीस टनांची गुंडाळी, यार्डात तिला कॉइल म्हणतात, तिथून ट्रेलरवर चढायची आणि घाट चढून पुण्याकडे जायची. उचलायला क्रेन होती, बांधायला माणसं होती, पण शेवटचा हात श्यामसुंदरचा. प्रत्येक साखळी तो स्वतः ओढून बघे, प्रत्येक पट्ट्यावरून अंगठा फिरवी, आणि मगच ड्रायव्हरला निघायला सांगे. ड्रायव्हर लोक कंटाळायचे. 'शामभाऊ, लग्नाची मुलगी बघताय का,' असं कुणी चिडवलं तरी हा आपला अंगठा फिरवतच असायचा. चौदा वर्षांत त्याच्या हाताखालून गेलेली एकही कॉइल रस्त्यावर सुटली नव्हती. याचा त्याला गर्व होता, आणि का नसावा? नाहीतर माणसानं चौदा वर्षं त्या उन्हात उभं तरी कशासाठी राहायचं.

अशा माणसाच्या हातून एक चूक झाली होती, ती बाबागाडी आणण्याची.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. त्याची बायको ईश्वरी पाच महिन्यांची गरोदर होती. त्याआधी एकदा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं, त्यामुळे दोन्हीकडच्या आयांनी बजावून ठेवलं होतं, बाळ घरात येईपर्यंत नवीन काही आणायचं नाही. झबलंसुद्धा नाही. जे लागेल ते लेकुरवाळ्या घरातलं, वापरलेलं, धुतलेलं मागून आणायचं. श्यामसुंदर मान हलवायचा आणि फोनवर बाबागाड्या बघत बसायचा. शेवटी एका रविवारी वाशीला जाऊन तो खोकं घेऊनच आला. नुसती बाबागाडी नव्हे, ट्रॅव्हल सिस्टिम. तिची सीट उचलली की तीच गाडीत बसते, पट्ट्यानं आवळली जाते, आणि बाळाचं तोंड मागच्या काचेकडे राहतं. दुकानातल्या मुलीला हे असं उलटं का ते नीट सांगता येईना, तेव्हा यानंच तिला समजावलं. ब्रेक लागला की माल पुढे जातो. कॉइल ट्रेलरच्या पुढच्या भिंतीला टेकवून ठेवली तर भिंत तिला धरते. बाळाची पाठ सीटला टेकलेली असली तर सीट बाळाला धरते. त्या दिवशी तो फार खूश होता.

खोकं घरी आल्यावर नवव्या दिवशी ईश्वरीला दवाखान्यात न्यावं लागलं आणि ती रिकाम्या हातांनी परत आली.

ईश्वरी त्याला एका शब्दानं बोलली नाही. तिच्या आईनं, काशीबाईंनी, एकदाच म्हटलं, "सांगितलं होतं, शामराव." एवढंच. त्यानं ती बाबागाडी पनवेलच्या एका आश्रमाला देऊन टाकली आणि खोकं ठेवलेला कोपरा फिनाइलनं पुसून काढला. डॉक्टरांनी सांगितलेलं कारण वेगळं होतं, गर्भाशयाचं होतं, ते त्याला पाठ होतं. तरी त्या कोपऱ्यात त्यानं पुन्हा काही ठेवलं नाही.

आता तिसरी खेप. नववा महिना लागला होता. ईश्वरीनं ऐरोलीच्या ऑफिसमधून रजा घेतली होती, काशीबाई येऊन राहिल्या होत्या, आणि खांदेश्वरच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सगळेजण काचेच्या भांड्यांतून चालावं तसे चालत होते. नवीन म्हणून टाचणीही घरात आली नव्हती. आणि अशातच मीनाताई सीट घेऊन आली.

मीनाताई त्याची थोरली बहीण, ऐरोलीला राहायची. तिची मोठी मुलगी कॉलेजात होती आणि धाकटा शौनक चार वर्षांचा, उशिरा झालेला, सगळ्यांचा लाडका. शौनकची ट्रॅव्हल सिस्टिम तिनं माळ्यावर जपून ठेवली होती. कापड धुऊन, इस्त्री करून, चाकांना तेल घालून ती घेऊन आली.

"याच्यातूनच घरी आणायचं हं तिला," ती ईश्वरीला म्हणाली. मुलगी होणार हे तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. "माझ्या घरात यापेक्षा गुणाची वस्तू नाही. या सीटनं शौनकला..." इथे ती थांबली. "फार सांभाळलंय ग हिनं त्याला."

ईश्वरीनं सीट मांडीवर ओढून घेतली आणि कितीतरी वेळ तिच्यावरून हात फिरवत राहिली. महिन्याभरात पहिल्यांदा ती मोकळं हसली. दोन धडधाकट मुलांच्या घरातली, शौनकसारख्या गुटगुटीत पोराच्या अंगाखालची सीट. तिला याहून वेगळा शकुन नको होता.

श्यामसुंदरलाही बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सीट गाडीत बसते का ते बघायला तो खाली पार्किंगमध्ये घेऊन गेला, आणि सवयीनं पट्ट्यावरून अंगठा फिरवला.

अंगठा एका जागी घसरला.

खांद्यावरून येणारा पट्टा प्लास्टिकच्या खाचेतून बाहेर पडतो, तिथे दोन बोटं रुंदीची चकाकी होती. बाकीचा पट्टा खरखरीत, तेवढाच भाग गुळगुळीत. दुसऱ्या खांद्याच्या पट्ट्यावर बरोबर त्याच उंचीला तशीच चकाकी. त्यानं कापड सोडवून सीटचा सांगाडा उघडा केला. गाडीचा पट्टा जिथून ओवतात त्या कडेला, काळ्या प्लास्टिकमध्ये केसासारखी बारीक पांढरी रेष होती. प्लास्टिक जोरात वाकून परत जागेवर आलं की अशी रेष उठते. धुऊन ती जात नाही.

त्यानं पट्ट्याचा जवळून फोटो काढला आणि यार्डात गेल्यावर मारोतीला दाखवला. मारोती नांदेडकडचा, पंचवीस वर्षं माल बांधत आलेला. सीट कसली, कुणाची, हे त्याला सांगितलं नाही. मारोतीनं डोळे बारीक करून फोटो पाहिला.

"ह्यानं झटका खाल्लाय, साहेब," तो म्हणाला. "धागे आतून ताणून वितळल्यात. एकदा धरलं ह्यानं. आता पुन्हा धरंल का, कुनी सांगावं. आपन तर वापरत नाय असला."

आपण वापरत नाही, हे श्यामसुंदरलाही ठाऊक होतं. झटका खाल्लेला पट्टा दिसायला धड असला तरी यार्डात बाजूला पडतो. सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका यार्डातून असाच पट्टा लावून निघालेला ट्रेलर त्यानं घाटाखाली पाहिला होता. ड्रायव्हरची केबिन त्यानं पाहिली होती. त्याबद्दल तो घरी कधी बोलला नाही.

पण झटका म्हणजे अपघात, आणि ताईच्या घरात अपघात झाल्याचं कुणाला माहीत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्यानं, प्रसाददाजींनी, गाडी एकाएकी विकली होती खरी. सोसायटीतल्या झाडाची फांदी पडून बॉनेट चेपलं, असं सांगितलं होतं. फांदी पार्किंगमधल्या रिकाम्या गाडीवर पडली, तर आतल्या सीटच्या पट्ट्याला झटका कसा बसेल? मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

त्यानं संध्याकाळी ईश्वरीला सांगून पाहिलं. पट्टा दाखवला, रेष दाखवली. ईश्वरीचा चेहरा हळूहळू आखडत गेला.

"तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते, शाम," ती म्हणाली. "एक चांगली गोष्ट घरात आलीये, तिच्यात पण?"

"अगं, मी रोज हेच काम करतो."

"लोखंडाचं करतोस." तिनं फोन उचलला. "थांब, विचारूनच टाकते. तुझ्या डोक्यातून गेलं म्हणजे मला झोप लागेल."

तिनं ताईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. काशीबाई निवडायला घेतलेली भाजी तशीच ठेवून बघत राहिल्या. "ताई, राग मानू नका, पण शामला शंका आलीये. शौनकच्या सीटला कधी काही झालं होतं का? गाडी धडकली वगैरे?"

पलीकडून दाजींचा आवाज लांबून आला, "कोण आहे?" आणि ताई घाईनं म्हणाली, "नाही ग. काही नाही झालं. काय होणार?"

"झालं समाधान?" ईश्वरीनं फोन ठेवत विचारलं.

बहिणीला श्यामसुंदर जन्मापासून ओळखत होता. ती खोटं बोलताना एकच गोष्ट फिरवून फिरवून म्हणते.

दुसऱ्या दिवशी यार्डातून अर्धी सुटी काढून तो ऐरोलीला गेला. दाजी कामावर होते, शौनक बालवाडीत. ताईनं दार उघडलं आणि त्याचा चेहरा बघून चहाचं विचारलंसुद्धा नाही.

"ताई, मला फक्त एवढं सांग. गाडीला धडक बसली तेव्हा शौनक सीटमध्ये होता का?"

ती ओट्याला पाठ टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "मला विचारू नकोस, शाम."

"का?"

"शौनकच्या डोक्यावर हात ठेवलाय मी."

आता सांगण्यासारखं फारसं उरलंही नव्हतं. श्यामसुंदर तिथेच खुर्चीवर बसला आणि एकेक कडी जोडत गेला. तीन वर्षांपूर्वीपर्यंत दाजी प्यायचे, चांगलेच प्यायचे. मग एकदम सोडली. पुतण्याच्या लग्नात सगळे आग्रह करत असताना ग्लासवर हात ठेवून बसलेले दाजी त्याला आठवले. गाडी त्याच सुमारास विकली. म्हणजे दाजी पिऊन गाडी चालवत होते, मागे सीटमध्ये दहा महिन्यांचा शौनक होता, आणि गाडी कुठेतरी जाऊन आदळली. पोराला ओरखडाही आला नाही. मग दोघांनी त्याच पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथा घेतल्या. त्यांनी पिणार नाही म्हणून, हिनं कुणाला सांगणार नाही म्हणून. त्यांनी आपली पाळली होती. आता हिनं मोडली तर?

असल्या शपथेला काय अर्थ, असं म्हणणारे शहाणे पुष्कळ असतात. त्यांनी आपल्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून एकदा बघावं.

"ती सीट गुणाची आहे रे," ताई कळवळून म्हणाली. "म्हणूनच दिली मी. तिच्यामुळे माझा..." पुन्हा ती थांबली.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ताईनं फसवलं नव्हतं. पोराला जिनं वाचवलं तीच सीट घरातली सगळ्यात शुभ, असं समजून तिनं जिवाचा तुकडा काढून द्यावा तशी ती दिली होती. त्यानं तिला समोर बसवून समजावलं. पट्टा एकदाच धरतो. धरताना त्याचा जीव जातो. दिसायला तो तसाच राहतो, पण दुसऱ्यांदा त्याच्यावर भार आला की तो धरेलच असं नाही. ताई ऐकत होती आणि तिच्या तोंडावरचा रंग उतरत होता.

"मग नवीन घे ना. मी आणते नवीन."

"ईश्वरी घेऊ देणार नाही. बाळ घरात येईपर्यंत नवीन काही नको, आणि मी कुठल्या तोंडानं सांगू? मागच्या वेळी मीच आणलं होतं ना. तिला खरं कारण सांगितलं तरच ऐकेल ती. मी सांगू?"

"नको." तिनं त्याचा हात घट्ट धरला. "तुला हे कळलं असं तू तिला सांगितलंस तरी ते मी बोलल्यासारखंच झालं. शाम, तुझ्या पाया पडते. शौनकचं काही झालं तर?"

थोरल्या बहिणीनं पाया पडते म्हणावं, हे त्याला सहन झालं नाही. त्यानं शब्द दिला. जिना उतरताना मात्र आपण काय करून बसलो ते त्याला कळलं. एका पोराच्या जिवासाठी त्यानं शब्द दिला होता आणि दुसऱ्या पोराचा जीव त्या शब्दात अडकला होता.

परतीच्या वाटेवर तो वाशीच्या त्याच दुकानात शिरला. नुसतं बघू म्हणून. ताईच्या सीटसारखीच, त्याच राखाडी रंगाची मिळाली तर गुपचूप बदलून टाकता येईल, असा एक चोरटा विचार होता. तशी नव्हती. निळी होती, चांगली होती. पट्ट्यावरून अंगठा फिरवला, सगळीकडे सारखा खरखरीत. दुकानदार म्हणाला, "साहेब, बिल करू का?" त्यानं खिशात हात घातला आणि हात तिथेच राहिला. त्याला फिनाइलचा वास आला. दोन वर्षांपूर्वी याच काउंटरवर तो हसत उभा होता. डॉक्टरांचं कारण त्याला पाठ होतं, विज्ञान त्याला कळत होतं, आणि तरी त्याच्यानं बिल करवेना. नंतर येतो म्हणून तो बाहेर पडला. इतरांच्या देवभोळेपणावर मनातल्या मनात हसणारा हा गडी त्या दिवशी स्वतःवर मनसोक्त चिडला.

गुरुवारी नेरुळच्या हॉस्पिटलमध्ये सिझेरियन झालं. मुलगी झाली. रडली, तीही खणखणीत. ईश्वरी सुखरूप. काशीबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि जावयाच्या पाठीवरून हात फिरवला. त्या दिवशी श्यामसुंदर व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून हुंदके देऊन रडला, त्याची त्याला लाज वाटली नाही.

पण रविवारी डिस्चार्ज होता. नेरुळ ते खांदेश्वर, सायन-पनवेल हायवे, मधे कळंबोलीचं सर्कल. तिथे कुठले ट्रेलर कसे बांधलेले असतात हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तीन दिवस त्यानं वाटा शोधल्या. काशीबाई म्हणत होत्या, बाळ मांडीवर घ्यावं, आम्ही काय सीटमधून वाढवली का पोरं. ईश्वरीच त्यांना म्हणाली, "नाही आई. मांडीवरचं बाळ ब्रेकला धरता येत नाही." हे तिला दोन वर्षांपूर्वी श्यामसुंदरनंच पटवून दिलं होतं. आता कुठल्या तोंडानं तो मांडीवर घे म्हणणार? हळू गाडी चालवीन, असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. पण धडक देणारा हळू येत नाही.

रविवारी सकाळी साडेदहाला सगळे खाली पार्किंगमध्ये जमले. ईश्वरी व्हीलचेअरवर, मांडीवर जुन्या सुती साडीत गुंडाळलेली मुलगी. काशीबाई पिशव्या सांभाळत होत्या. ताई आणि दाजी ऐरोलीहून आले होते. दाजी पिशव्या डिकीत रचत होते, सुटीच्या दिवशी मेहुण्याच्या मदतीला धावून आलेला भला माणूस दिसावा तसे. आणि भले होतेही ते, तेच तर सगळं अवघड होतं.

ती राखाडी सीट मागच्या बाकावर बसवलेली होती. श्यामसुंदरनं ती आवळली, ओढून पाहिली, सोडली, पुन्हा आवळली. पाच मिनिटं झाली. दहा झाली. वॉर्डबॉयला व्हीलचेअर परत हवी होती, तो ताटकळत उभा होता.

"झालं का रे?" ईश्वरीनं विचारलं.

तो गाडीतून बाहेर आला आणि दार लावून दाराला पाठ टेकून उभा राहिला.

"या सीटमध्ये मी तिला ठेवणार नाही."

बाळाचा एक हात साडीतून बाहेर आला होता तो ईश्वरीनं आत घेतला.

"का?" तिनं शांतपणे विचारलं. तिचा शांत आवाज त्याला आरडाओरड्यापेक्षा जड जायचा.

"मला बरोबर वाटत नाही."

"ताईंनी सांगितलं ना, काही झालेलं नाही. मग ताई खोटं बोलतायत का?"

डिकीचं झाकण धरून उभे राहिलेले दाजी म्हणाले, "शाम, एवढं काय त्यात? आमचा शौनक वाढला की त्याच्यात." आवाज नेहमीचा होता, पण ते श्यामसुंदरकडे बघत नव्हते.

श्यामसुंदरनं ताईकडे पाहिलं. ती खांद्याला पिशवी लावून खांबाजवळ उभी होती आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. त्याच्या जिभेवर सगळं होतं. एक वाक्य, आणि ईश्वरी ऐकणार होती. त्यानं ते गिळलं.

"मला कारण सांगता येत नाही," तो म्हणाला. "मला भीती वाटते, ईशू. बस."

"मलाही वाटते." तिचे डोळे भरून आले. "मला नऊ महिने रोज वाटतेय. म्हणूनच मला हीच सीट हवीये. तुला कळत कसं नाही? मागच्या वेळी मी तुझं ऐकलं होतं, शाम."

दोन वर्षांत पहिल्यांदा ती हे बोलली. काशीबाईंनी दुसरीकडे तोंड फिरवलं. श्यामसुंदरला वाटलं, आता दारापासून बाजूला व्हावं, सगळ्यांच्या मनासारखं करावं आणि गाडी तीसच्या वेगानं न्यावी. त्याचे पाय हललेही असते.

तेवढ्यात मीनाताई खांबापासून निघाली. त्याच्या दंडाला धरून तिनं त्याला बाजूला केलं आणि दार उघडलं. पिशवीतून तिनं ब्लाउज शिवायची आपली मोठी कात्री काढली. घरून निघतानाच तिनं ती घेतली असणार.

"अगं, काय करतेयस?" दाजी म्हणाले.

तिनं मागे वळून पाहिलं नाही. गाडीत वाकून तिनं खांद्याचा पट्टा ताणून धरला आणि कात्री लावली. पट्टा जाड होता, सहज कापला जाईना, ती दोन्ही हातांनी जोर देत राहिली. कापला. मग दुसरा. मग कमरेचे दोन्ही. तोंडातून अवाक्षर नाही. दाजी दोन पावलं पुढे आले, थांबले, आणि मग हळूच डिकीचं झाकण लावून त्यावर हात टेकून मान खाली घालून उभे राहिले. तीन वर्षं जपलेली फांदीची गोष्ट तिथे संपली होती, आणि हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

ईश्वरी कापलेल्या पट्ट्यांकडे बघत होती. मग तिनं ताईकडे पाहिलं, मग दाजींच्या खाली गेलेल्या मानेकडे. तिची नजर तिथे बराच वेळ राहिली. ती हुशार बाई होती, तिला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. मांडीवरच्या बाळाला तिनं छातीशी धरलं, इतकं घट्ट की ते कुरकुरलं.

"शाम," ती म्हणाली, "ते वाशीचं दुकान किती वाजता उघडतं?"

"अकराला."

"मग जा आणि नवीन घेऊन ये. मी वर थांबते." मग काशीबाई काही बोलायच्या आत ती त्यांना म्हणाली, "आई, चालेल मला."

वॉर्डबॉयनं व्हीलचेअर पुन्हा लिफ्टकडे वळवली. श्यामसुंदरनं ती मोडकी सीट बाहेर काढून खांबाशी ठेवली आणि किल्ली हातात घेतली. ताई त्याच्या मागे मागे ड्रायव्हरच्या दारापर्यंत आली. कात्री अजून तिच्या हातात होती.

"मी काही बोलले नाही ना रे?" तिनं दबक्या आवाजात विचारलं. "शाम, खरं सांग. माझ्या तोंडून काही गेलं का?"

"नाही, ताई," तो म्हणाला. "एक अक्षरसुद्धा नाही."

"तू साक्षीला आहेस."

"आहे."

तिनं मान हलवली आणि मग, तीन वर्षांनी, ती तिथे उभ्या उभ्या रडायला लागली.